जुन्या लॅपटॉपला नवा प्रोसेसर

विहिरीवरील तीन अश्वशक्तीची मोटर काढून तेथें पांच अश्वशक्तीची बसवावयाची झाली, तर खानदेशांतील शेतकरी आधीं विहिरींत पाणी किती आहे तें पाहतो. तार, स्टार्टर व नळ हीं नव्या मोटरीचा भार सोसतील कीं नाहीं याचा विचार करतो, आणि मगच दुकानाची पायरी चढतो. हें तारतम्य लॅपटॉपच्या बाबतींत मात्र पुष्कळदां सुटतें.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील शिंदखेडा येथील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. थोरल्या भावाचा २०१२ सालीं घेतलेला लॅपटॉप आतां धाकट्या बहिणीच्या हातीं आला आहे. तिचें महाविद्यालय धुळ्यास. घरीं अभ्यासाला हेंच एक यंत्र, आणि तें सुरू होतां होतां चहा निवून जातो. कोणी सल्ला देतो, "आय-फाइव्ह काढा, आय-सेव्हन घाला, म्हणजे झालें." वडील कपाशीच्या पैशांतून बाजूला ठेवलेली रक्कम पुढें करतात. ती एकदां गेली कीं पुढच्या हंगामापर्यंत दुसरी नाहीं. इतका जुना प्रोसेसर बाजारांत बहुधा वापरलेलाच मिळतो. म्हणून खरेदीपूर्वीं चार प्रश्नांचीं उत्तरें मिळविणें अगत्याचें आहे.

पहिला प्रश्न असा कीं, जुना प्रोसेसर निघतो काय? इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत पुष्कळ लॅपटॉपांत तो सॉकेटांत, म्हणजे खास बैठकींत, बसविलेला असे. पांचव्या पिढीपासून सर्वसाधारण लॅपटॉपांत तो मदरबोर्डावर कायमचा डाखलेला असतो. नांवाच्या शेवटीं 'यू' असला तर जुन्या पिढ्यांतही तो डाखलेलाच समजावा. परंतु केवळ नांवावर विसंबूं नये. आय-फाइव्ह ३२१०एम हा एकाच नांवानें दोन्ही रूपांत निघालेला आहे. सीपीयू-झेड नांवाची विनामूल्य आज्ञावली 'पॅकेज' या शब्दापुढें 'पीजीए' दाखवील तर तो निघणारा, 'बीजीए' दाखवील तर न निघणारा. येथेंच उत्तर नकारार्थी आलें तर पुढचे तीन प्रश्न उरतच नाहींत.

दुसरा प्रश्न बैठकीचा. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीची बैठक ९८८ टाचण्यांची, तर चौथ्या पिढीची निराळी. तिसऱ्या पिढीच्या यंत्रांत चौथ्या पिढीचा प्रोसेसर बसणेंच शक्य नाहीं.

तिसरा प्रश्न ओळखीचा. टाचण्या जुळल्या तरी बायॉसला त्या प्रोसेसरची ओळख असावी लागते. नाहींतर पडदा काळाच राहतो. लॅपटॉपच्या कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका मिळाल्यास तींत त्या नमुन्यास चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी. त्या यादीबाहेर जाणें म्हणजे पैशाचा जुगार होय.

चौथा प्रश्न उष्णतेचा. आय-फाइव्ह ३२१०एम याची उष्णता-मर्यादा ३५ वॅट, तर आय-सेव्हन ३६३०क्यूएम याची ४५ वॅट आहे. खानदेशांत उन्हाळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो; तेथें हे दहा वॅट जुन्या पंख्याला जड जातात. यंत्र तापलें कीं प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि विकत घेतलेली शक्ति वायां जाते. ३६३२क्यूएम हा मात्र चार गाभ्यांचा असूनही ३५ वॅटांत राहतो. चार्जरची क्षमताही याच वेळीं तपासून पाहावी.

हीं चारही उत्तरें अनुकूल आलीं, तरी मूळ प्रश्न राहतोच: दुखणें नेमकें कोठें आहे? यंत्र मंदावलेलें असतांना टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे टक्के पाहावेत. प्रोसेसर स्वस्थ असून डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसविणें हाच इलाज. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवावी. तसें न करतां प्रोसेसर बदलणें म्हणजे दुखणें रेड्याला नि डाग पखालीला!

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विंडोज १० चें नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि विंडोज ११ ला सर्वसाधारणपणें इंटेलची आठवी अथवा त्यापुढची पिढी लागते. तिसऱ्या पिढींतील आय-सेव्हन घातल्यानें तें दार उघडत नाहीं. अशा यंत्राला लिनक्सचा आधार घेतां येतो, आणि त्यासाठीं प्रोसेसर बदलण्याची गरज नसते.

शिंदखेड्याच्या त्या मुलीनें दुकानीं जाण्याआधीं ते तीन आंकडे स्वतः वाचून वहींत टिपून ठेवावेत. डिस्कच अडखळत आहे असें दिसलें, तर एसएसडी घेऊन उरलेले पैसे वडिलांच्या हातीं परत द्यावेत. परीक्षेच्या फीसाठीं ते उपयोगी पडतील.