परवाना दारूचा, प्रश्न वेटरच्या पगाराचा

आजचा विषय ऐकायला जरा सरकारी वाटेल. पण वीकेंडला कर्जत-खालापूरकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलापर्यंत तो पोचतो. विषय आहे दारूचा परवाना, आणि त्या परवान्याखाली राबणारी माणसं.

सुरुवात ब्रिटनपासून करू, कारण तिथे या दोन गोष्टी कायद्यानेच जोडल्यात. काम करायची परवानगी नसलेले परदेशी लोक एखाद्या हॉटेलात राबताना सापडले, तर त्या हॉटेलच्या दारू परवान्याचा फेरविचार करा, असं तिथलं गृहखातं एप्रिल २०१७ पासून स्थानिक कौन्सिलला सांगू शकतं. मग सुनावणी होते. परवान्याला नव्या अटी लागतात, तो काही काळ थांबवला जातो, नाहीतर जातोच. दंड वेगळा. २०२४ पासून तो एका कामगारामागे ६० हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

म्हणजे तिथला प्रश्न असा, की हा माणूस कायदेशीर आहे का? आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. रिसॉर्टमध्ये ताटं वाढणारा नेपाळी मुलगा बेकायदा नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तो इथे काम करू शकतो. वाडीवरचा ठाकर किंवा कातकरी पोरगा तर इथलाच. माणूस कायदेशीरच आहे हो, बेकायदा असतं ते त्याला राबवणं. चौदा वर्षांच्या आतलं पोर भांड्यांवर बसवणं, ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे न देणं, किमान वेतनापेक्षा कमी रक्कम हातावर टेकवणं. सगळीकडे असं चालतं असं नाही, पण जिथे चालतं तिथे विचारणार कोण?

इथे दारूचा परवाना कामाला येऊ शकतो. परमिट रूमचा परवाना, म्हणजे एफएल-३, जिल्हाधिकारी देतात. आपले बसतात अलिबागला. तपासणी करतं राज्य उत्पादन शुल्क खातं. या परवान्यावर माणूस कामाला ठेवायचा तर त्याचा नोकरनामा करावा लागतो. काउंटरमागे कोण उभं आहे, ते सरकारला माहीत हवं. नोकरनाम्याशिवाय माणूस ठेवला, तर तो अटींचा भंग. आणि महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ चं कलम ५४ म्हणतं, मालकाने किंवा त्याच्या नोकराने अट मोडली तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. कलम ५६ मध्ये इतर कारणांसाठीही रस्ता ठेवलाय.

अडचण कुठे आहे? नोकरनामा नाव सांगतो, पगार मिळाला का ते सांगत नाही. पगार आणि तास बघायचे कामगार खात्याने. माझ्या भाषेत सांगायचं तर दोन डेटाबेस आहेत, आणि मधे जॉइनच नाही.

ते जोडता येतील का? डान्स बारचा खटला आठवा. १७ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बऱ्याच अटी उडवल्या. पण काम करणाऱ्या बायकांशी लेखी करार करायचा आणि त्यांचे पैसे बँक खात्यात जमा करायचे, हे मात्र ठेवलं. मग वेटरसाठी तीच अट का नको?

आता दुसरी बाजू. परवाना निलंबित झाला की पहिला घरी कोण जातो? वेटरच. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू नको, हा आदेश आला डिसेंबर २०१६ मध्ये, आणि १ एप्रिल २०१७ पासून राज्यभर कितीतरी बार बंद झाले. मालकांचं नुकसान आणि सरकारचा महसूल यावर भरपूर बोललं गेलं. वेटरच्या थकलेल्या पगारावर किती बोललो आपण? ज्याच्यावर अन्याय झाला म्हणून कारवाई करायची, त्याचीच चूल विझवायची, याला न्याय कसं म्हणायचं?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं. नूतनीकरणाच्या अर्जासोबत नोकरनामे आणि बँकेतून दिलेल्या पगाराची नोंद मागा. ज्याची नोंद नाही त्याचं नूतनीकरण अडवा. आणि निलंबन करायचीच वेळ आली, तर आधी थकलेला पगार चुकता करायला लावा. मालकाला दंडापेक्षा परवान्याची भीती जास्त असते. ती भीती वेटरच्या बाजूने वापरायची.

तुमच्यापैकी कुणी रिसॉर्टवर कामाला असेल, तर एवढं करा. नोकरनाम्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. हजेरी रोज स्वतः लिहा. मूळ आधार कार्ड कुणाच्या ड्रॉवरमध्ये सोडू नका. ‘उचल फिटेपर्यंत जायचं नाही’ असं कुणी म्हणालं, तर ती वेठबिगारी आहे. वीटभट्टीवर असो की हॉटेलात, १९७६ पासून ती कायद्याने बंद आहे. तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. आणि लहान पोर कामावर दिसलं तर १०९८ लावा. ग्राहक असलात तरी लावा.

तुमचे अनुभव व्हॉइस नोटवर पाठवा. हॉटेलचं नाव नको, तुमचंही नको. भेटू पुढच्या भागात!