सही कोणत्या कागदावर?

आमच्या सिरोंच्यात पोरं विचारतात, ‘चाचा, अकाउंटंट व्हायचंय. मोठी परीक्षा कोणती?’ मी म्हणतो, आधी ठरव, सही कोणत्या कागदावर करायचीय?

कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षणावर सही चालते ती सी.ए.चीच. ही वाट बारावीनंतर सुरू होते. २०२३मध्ये आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली. पण त्यासाठी इथल्या मुलीला घर सोडून चंद्रपूर-नागपूर गाठावं लागतं. फीपेक्षा खोलीभाडं आणि खाणावळच जड जाते.

कारखान्यातल्या उत्पादनाचा खर्च तपासायचा, तर सी.एम.ए. व्हावं.

तिसरी वाट जी.डी.सी. अँड ए.ची. सहकार खात्याच्या या पदविका परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. घरी राहून अभ्यास होतो. पुढे लेखापरीक्षणाचा अनुभव घेतला, की सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्याचा मार्ग मोकळा होतो. कंपन्यांचे मात्र नाही.

उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पुडके बांधणारी बाई मजुरीच्या वहीवर विश्वासानं अंगठा उठवते. ती वही तिला वाचून दाखवणारं कुणी गावातलंच असावं. म्हणून म्हणतो, तिन्ही वाटांनी जा. पण हिशेब शिकून परत या.