दोष आधी कोणाला सापडावा?

सांकेतिक लिपी रचणारे आणि ती फोडणारे आज या परिषदेत एकाच मांडवात बसले आहेत, याचा मला विशेष आनंद वाटतो. यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी गुपित टिकले पाहिजे, असे ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच बजावले होते. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. पद्धतीतला दोष आज ना उद्या सापडतोच. तो आधी कोणाला सापडतो आणि सापडल्यावर शोधणारा बोलतो की गप्प बसतो, यावरच सारे अवलंबून असते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी संदेश सांकेतिक करण्यासाठी वापरत असलेल्या एनिग्मा यंत्राचेच पाहा. त्यातल्या परावर्तकामुळे कोणतेही अक्षर सांकेतिक रूपात स्वतः तेच राहत नसे. म्हणून ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमधले संकेतभेदी तज्ज्ञ हवामानविषयक एखादा संभाव्य शब्द संदेशाखाली सरकवत नेत. वरखाली एकच अक्षर आले, की ती जागा बाद. त्याआधी, १९३२ मध्ये, पोलंडचे मारियान रेयेव्स्की यांनी गणित आणि हेराकडून आलेली कागदपत्रे यांच्या बळावर यंत्राची अंतर्गत जोडणी शोधली होती. दोष सापडले ते शत्रूला, आणि शत्रूने ते युद्ध संपेपर्यंत पोटात ठेवले.

याउलट अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये नव्या सांकेतिक पद्धतीसाठी खुली स्पर्धा पुकारली. छाननीला घेतलेल्या १५ पद्धतींवर जगभरच्या तज्ज्ञांनी घाव घातले. त्यातून टिकलेली, दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत २००१ मध्ये ‘एईएस’ हे मानक झाली. आज वाय-फायपासून बँकेच्या व्यवहारांपर्यंत तीच वापरात आहे.

सारे उघड केले तर गुन्हेगारांचेच फावेल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. म्हणूनच वापरातल्या यंत्रणेतला दोष आधी निर्मात्याला कळवावा, दुरुस्तीला अवधी द्यावा आणि मग प्रसिद्ध करावा. पण झाकून ठेवल्याने दोष नाहीसा होत नाही. क्वांटम संगणकालाही दाद न देणारी म्हणून पुढे आलेली ‘साइक’ पद्धत २०२२ मध्ये दोन संशोधकांनी साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर सुमारे तासाभरात फोडली आणि ते जाहीर केले. त्यामुळे ती मानक होण्याआधीच बाद झाली.

तेव्हा येथे मांडल्या जाणाऱ्या प्रत्येक पद्धतीवर निःसंकोच हल्ला चढवा, आणि आपल्या मांडणीत कोणी खोट दाखवली तर ती परिषदेची कमाई माना.