वारा नेईल तिकडे



घरात कुणी व्हिडिओ गेम खेळत असेल, तर हा प्रकार तुम्ही पाहिला असेल. पडद्यावर गाव पेटलंय, गावकरी मदतीसाठी हाका मारतायत, आणि आपला शूर सामुराई मात्र घोड्यावरून उतरून एका कोल्ह्यामागे धावत सुटलाय. बघणाऱ्याला वाटतं, काय हा पोरकटपणा! पण खेळणारा वेळ वाया घालवत नसतो. आपल्या नायकाची ताकद वाढेल असं ठिकाण तो शोधत असतो. आज मी बोलणार आहे ते या ठिकाणांबद्दल. गेम बनवणारे ती कुठे आणि कशी लपवतात, आणि खेळणाऱ्याने ती हुडकायची कशी.

आधी थोडी पार्श्वभूमी. ओपन वर्ल्ड म्हणजे मोकळ्या मैदानाचा गेम. यात ठरलेली एकच वाट नसते. डोंगर, नद्या, गावं, जंगलं असा अख्खा मुलूख समोर असतो आणि जावं तिकडे जाता येतं. आता प्रश्न येतो, मुळात जावं कशाला? गोष्ट पुढे सरकवायची तर सरळ रस्त्यानेही जाता येईल. म्हणून रस्त्याच्या आडबाजूला बक्षिसं ठेवतात. कुठे तब्येत वाढते, कुठे दम वाढतो, कुठे तलवारीला धार येते.

ही कल्पना जुनी आहे. निन्तेंदो कंपनीचा 'द लेजंड ऑफ झेल्डा' 1986 साली जपानात आला. त्यात एखादं झुडूप जाळलं किंवा कड्याला सुरुंग लावला की आत गुहा उघडायची, आणि एखाद्या गुहेत नायकाचं आयुष्य वाढवणारं हृदय मिळायचं. गेमचे जनक शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे गावाभोवती रानात भटकायचे, गुहा धुंडाळायचे. ती हौसच खेळात उतरली, असं ते सांगत आले आहेत.

मी मात्र आज मुख्यतः एकाच गेमबद्दल बोलेन. नाव 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'. सकर पंच या अमेरिकी स्टुडिओने तो बनवला आणि जुलै 2020 मध्ये प्लेस्टेशन 4 वर आणला. नंतर 2024 मध्ये तो कॉम्प्युटरवरही आला. त्सुशिमा हे खरंखुरं बेट आहे. जपान आणि कोरियाच्या मधल्या समुद्रात आहे आणि आज नागासाकी प्रांतात मोडतं. 1274 साली मंगोल आरमार तिथे कोमोदाच्या किनाऱ्यावर उतरलं आणि मूठभर सामुराई त्यांच्यासमोर उभे राहून कापले गेले. हा इतिहास झाला. गेममधला जिन साकाई हा त्या लढाईतून वाचलेला तरुण मात्र काल्पनिक. गोष्ट सुरू होते तेव्हा तो हरलेला, जखमी आणि अगदी दुबळा असतो. मंगोलांच्या दोन-चार घावांत आडवा होतो. त्याला सावरायचं, बळकट करायचं काम खेळणाऱ्याचं.

ते कसं होतं, हे मला या गेममध्ये फार आवडतं. बघा, तब्येत वाढते ती गरम पाण्याच्या कुंडात. जपान ज्वालामुखींचा देश, गरम झरे तिथे जागोजागी. जिन कपडे उतरवतो, पाण्यात बसतो, आणि पडद्यावर दोन विषय येतात. कशाचा विचार करायचा? हरलेल्या लढाईचा की मामाचा? तुम्ही एक निवडता, जिन दोन-चार वाक्यं स्वतःशीच बोलतो, आणि त्याची जास्तीत जास्त तब्येत जराशी वाढते. वाढ कायमची असते. बेटावर अशी 18 कुंडं आहेत. एका कुंडाने फरक जाणवत नाही. पाच-सहा झाली की कळतं, काल ज्या घावाला आपण मरत होतो, तो आज पचतोय.

दुसरं ठिकाण बांबूचं. मोकळ्या जागेत काही बांबू रोवून ठेवलेले असतात आणि समोर जिन तलवार म्यान करून उभा. पडद्यावर बटणांचा क्रम दिसतो: चौकोन, गोल, त्रिकोण, मग खांद्याचं बटण, असं काहीतरी. क्रम नीट पाहून ठेवायचा आणि मग झटक्यात दाबायचा. अचूक जमलं तर एका वारात बांबू आडवे. चुकलं तर तलवार अडते, पण शिक्षा काही नाही, पुन्हा करा. एकेक टप्पा पार पडला की बांबू वाढतात आणि क्रमही लांबतो. यातून वाढतो जिनचा निर्धार. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळे गोळे असतात, तोच हा निर्धार. लढताना वार शिताफीने परतवले की ते भरतात, आणि जखम भरून काढायला किंवा एखादा खास वार करायला खर्ची पडतात. माझं मत विचाराल तर सुरुवातीला तब्येतीइतकाच हा निर्धार महत्त्वाचा. तब्येत म्हणजे किती मार सोसाल, आणि निर्धार म्हणजे पडल्यावर किती वेळा उठाल. घाबरट खेळाडू कुंडांमागे लागतो, धीट खेळाडू बांबूंमागे. बांबूची ठिकाणं 16.

आणि मग ते कोल्हे. जपानात इनारी ही धान्याची, भरभराटीची देवता आणि कोल्हा तिचा दूत. गेममध्ये कोल्ह्याचं बीळ सापडलं की कोल्हा बाहेर येतो, तुमच्याकडे बघतो आणि चालू लागतो. तुम्ही मागे राहिलात तर थांबतो, मागे वळून बघतो. खडकांवरून, ओढ्यातून, कधी कड्याच्या कडेने तो तुम्हाला इनारीच्या छोट्याशा देवळीपाशी नेतो. जिन हात जोडतो, आणि कधी कधी कोल्हा जवळ येऊन उभा राहतो. तेव्हा त्याला कुरवाळायची सोय आहे. खेळात त्याचा फायदा शून्य, पण न कुरवाळता पुढे गेलेला खेळाडू मी अजून पाहिलेला नाही. देवळ्यांची ठरावीक संख्या गाठली की ताईत बांधायला एक जागा वाढते. ताईत तऱ्हेतऱ्हेचे: कुठल्याने वार जोरकस होतो, कुठल्याने जखम लवकर भरते. मोठे ताईत मिळतात ते शिंतो देवळांत. ती देवळं डोंगरमाथ्यावर, तुटलेल्या पुलांच्या आणि अर्धवट ढासळलेल्या पायऱ्यांच्या पलीकडे. लाल तोरी दिसली, म्हणजे त्या देवळांच्या कमानी, की वाट तिथून वर जाते असं समजायचं.

आता मुख्य मुद्दा: हे सगळं सापडतं कसं?

बहुतेक ओपन वर्ल्ड गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात गोल नकाशा असतो. त्यावर ठिपके, बाण, प्रश्नचिन्हं. खेळणारा तासन्‌तास त्या कोपऱ्याकडेच बघत घोडा हाकतो. एवढ्या कष्टाने रंगवलेला मुलूख बाजूने निघून जातो आणि डोळे मात्र ठिपक्यावर. त्सुशिमा बनवणाऱ्यांनी तो कोपऱ्यातला नकाशाच काढून टाकला. त्याऐवजी ठेवला वारा. मोठ्या नकाशावर ठिकाण निवडायचं आणि कंट्रोलरच्या मधल्या पट्टीवरून बोट वर सरकवायचं. वारा सुटतो. गवत एका दिशेला झुकतं, पानं उडतात, जिनचा अंगरखा फडफडतो. वारा ज्या दिशेला वाहील तिकडे तुमचं ठिकाण.

पण वारा नेतो ते तुम्ही निवडलेल्या ठिकाणी. न सापडलेल्या जागांची खबर देतात त्या दुसऱ्या खुणा. एक सोनेरी पिवळा पक्षी मध्येच येऊन किलबिलतो. त्याच्या मागे गेलात तर तो एखाद्या कुंडापाशी, बिळापाशी, नाहीतर कुठल्यातरी विसरलेल्या वस्तूपाशी नेतो. पक्ष्याला रस्त्याशी देणंघेणं नसतं, तेव्हा मान वर करून घोडा दौडवताना समोरच्या दरीचंही भान ठेवा. दुसरी खूण धूर. काळा धूर म्हणजे मंगोलांनी पेटवलेलं काहीतरी, तिथे लढाई आहे. पांढरी, विरळ वाफ म्हणजे गरम कुंड. उंचावर उभं राहून एकदा चहूकडे नजर फिरवली की ती वाफ लांबून दिसते. उत्तरेकडच्या कामिआगाता भागात सगळीकडे बर्फ, तिथे मात्र पांढऱ्यावर पांढरं शोधावं लागतं. मंगोलांच्या ताब्यातली वस्ती सोडवलीत तर आसपासच्या नकाशावरचं धुकं हटतं आणि तिथल्या जागा आपोआप उघड होतात. म्हणजे लढाईची आवड असलेल्याला लढून आणि भटक्याला भटकून, दोघांनाही माल मिळतो.

शोधायची ही रीत सगळेच गेम वापरत नाहीत. 2017 साली आलेल्या झेल्डाच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या भागात 120 छोटी मंदिरं आहेत. प्रत्येकात कोडं सोडवलं की एक गोळा मिळतो, आणि चार गोळे देवीच्या मूर्तीपाशी दिले की एक हृदय किंवा थोडा दम वाढवून मिळतो. यात एक मेख आहे. सगळी 120 मंदिरं पालथी घातली तरी हृदयं आणि दम दोन्ही पूर्ण भरत नाहीत, तीन वाढी कमी पडतात. काय सोडायचं ते तुम्हीच ठरवायचं. तिथेही मंदिरं नकाशावर आयती मिळत नाहीत. मनोऱ्यावर चढायचं, दुर्बीण लावायची आणि नारिंगी उजेड शोधायचा. त्याच वर्षी जपानमधल्या एका परिषदेत निन्तेंदोच्या मंडळींनी आपली युक्ती सांगितली. त्यांनी डोंगर-टेकड्या मुद्दाम त्रिकोणी ठेवल्या. मोठा त्रिकोण लांबून दिसतो आणि ओढून घेतो. मधला त्रिकोण पलीकडचं दृश्य झाकतो, मग वळसा घालताना किंवा चढून जाताना अचानक काहीतरी दिसतं. म्हणजे चढाव की वळसा हे खेळणाऱ्याने ठरवायचं, आणि दोन्हीकडे काही ना काही पदरात पडतंच.

2023 च्या पुढच्या भागात तर त्यांनी आणखी गंमत केली. जमिनीवर 120 मंदिरं आणि जमिनीखालच्या अंधारात 120 प्रकाशमुळं. प्रत्येक मूळ बरोबर एकेका मंदिराच्या खाली, आणि त्याचं नाव म्हणजे मंदिराचं नाव उलटं लिहिलेलं! ज्याच्या हे लक्षात आलं, त्याला वरचा नकाशा दाखवतो खाली काय आहे, आणि खालचा नकाशा वर काय आहे. असं काही स्वतःहून लक्षात आलं की माणूस रात्री दोन वाजता घरच्यांना उठवून सांगतो.

त्सुशिमाबद्दल माझी एक तक्रार आहे. इनारीच्या देवळ्या 49 आहेत. पहिल्या पाच-सात वेळा कोल्ह्यामागे जाताना मजा येते. पुढे तोच कोल्हा, तीच मान, तेच हात जोडणं, आणि हळूहळू सगळ्याची हजेरी लावायचं काम होतं. संख्या निम्मी असती आणि प्रत्येक वाट वेगळी असती तर मी जास्त खूश झालो असतो. हायकू रचायच्या 19 जागांचं मात्र तसं होत नाही. तिथे बसून समोरच्या देखाव्यातून ओळी निवडायच्या. ताकद वाढत नाही, मिळते ती नुसती कपाळपट्टी. हायकू तेराव्या शतकात नव्हता, तो प्रकार पुष्कळ नंतरचा, पण ही चूक मी आनंदाने पोटात घालतो.

खऱ्या त्सुशिमाने तर हा गेम आपला मानला. 2020 च्या सप्टेंबरमध्ये वादळाने तिथल्या वाताझुमी देवळाची एक तोरी पाडली. ती पुन्हा उभारायला ऑनलाइन वर्गणी सुरू झाली, उद्दिष्ट होतं 50 लाख येनचं. जमले अडीच कोटींहून जास्त, आणि पैसे पाठवणाऱ्यांत गेम खेळलेले लोक कितीतरी होते. पुढच्या वर्षी बेटाच्या नगरपालिकेने गेमच्या दोघा दिग्दर्शकांना, नेट फॉक्स आणि जेसन कॉनेल यांना, आपले पर्यटनदूत नेमलं.

आता नव्याने खेळायला बसणाऱ्यांसाठी थोडं. पहिला प्रदेश इझुहाराचा, दक्षिणेकडचा. तिथे गोष्टीच्या मागे लगेच पळू नका. आधी आसपासची दोन-तीन कुंडं आणि तितकेच बांबू आटपा, मग मोठ्या छावण्यांना हात घाला. प्रवाशाचा पोशाख मिळाला की फिरताना तोच घाला, त्याने नकाशावरचं धुकं जास्त हटतं. लढाईची चाहूल लागली की चिलखतावर या. इंटरनेटवर सगळ्या जागांचे तयार नकाशे मिळतात. ते उघडा, पण शेवटची दोन-तीन कुंडं काही केल्या सापडत नसतील तेव्हा. आणि पालकांनो, तुमचं पोर पडद्यावर पेटलेलं गाव सोडून कोल्ह्यामागे निघालं, तर त्याला टोकू नका. गाव थांबतं. या गेममध्ये ते पोर परत येईपर्यंत पेटलेलंच राहतं.