ओळंबा आणि कणा



बोथच्या आसपास कापसाच्या वेचणीत उमेद घालवलेल्या अनेक आजी आज उभ्या राहतात त्या वाकूनच. हे वाकणे नुसत्या कष्टाचे नसते. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, ठिसूळ मणके पुढून दबतात आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. मग धड पुढे झुकते.

भरलेली घागर छातीशी धरली तर पेलते. हात लांबवून धरली की जड होते. धड पुढे गेले की पाठीच्या स्नायूंना दिवसभर तशी घागर ओढावी लागते. तोल सावरायला माणूस श्रोणी, म्हणजे कमरेखालचे हाडांचे तसराळे, मागे वळवतो आणि गुडघे दुमडतो. म्हणूनच एक्स-रे उभ्याने काढायचा. मानेच्या सातव्या मणक्यापासून गवंड्यासारखा ओळंबा सोडायचा. तो माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या माथ्यापासून ५ सेंटिमीटरहून अधिक पुढे पडला, तर तोल बिघडला असे समजतात.

फ्रेंच शल्यविशारद झाँ द्युबुसे यांनी याला शंकूची उपमा दिली. पाय शंकूच्या टोकाशी. धड शंकूच्या आत राहिले की कमी श्रमात उभे राहता येते. श्रवणबेळगोळच्या सुमारे ५७ फुटी बाहुबलींच्या पायाशी मराठी ओळ कोरलेली आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढच्या वेळी त्यांची कायोत्सर्गातली उभी मुद्राही बघा. कुठेही ताण नाही. शस्त्रक्रियेलाही तेच साधायचे असते.

कणा काठीसारखा सरळ करणे म्हणजे सुधारणा नव्हे, हे वैद्यकालाही अनुभवाने कळले. पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ मध्ये आपल्या धातूच्या सळईची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे दिसले की, ती कमरेपर्यंत नेली तर बाक सपाट होऊन काही रुग्ण पुढे झुकतात. जिनेट द्युवाल-बोपेर यांनी मग श्रोणीचा एक कोन दाखवला. मोठेपणी तो जवळपास बदलत नाही, पण प्रत्येकाचा वेगळा असतो. कमरेचा बाक त्या कोनाच्या साधारण १० अंशांच्या आत असावा, असा ठोकताळा आहे. शेजारणीचे माप आपल्या आजीला चालत नाही.

बाक परत आणायला हाड कापावे लागते. स्मिथ-पीटरसन यांनी १९४५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने एका पातळीवर सुमारे १० अंश मिळतात; मणक्यातून पाचर काढली तर सुमारे ३०. मग स्क्रू आणि सळया. सळई मात्र तात्पुरता आधार. हाड जुळले नाही, तर मागेपुढे वाकवलेल्या तारेसारखी तीही तुटते. जखडलेल्या भागाच्या वरच्या मणक्यावर भार येऊन तिथे नवा बाक येऊ शकतो. म्हणून वृद्धांना तरुणाइतके ताठ करत नाहीत.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. वाकलेले हाड माझ्या गोळीने सरळ होत नाही, हे मी आधीच सांगतो. पायांतली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

एरवी निर्णय सावकाश घ्या. कंबर जखडल्यावर मांडी घालणे, उकिडवे बसणे, पायाच्या बोटांपर्यंत हात नेणे अवघड होते. तेव्हा शल्यविशारदांना विचारण्याआधी आजीलाच विचारा: तुम्हाला देवळापर्यंत ताठ चालायचे आहे, की चुलीपुढे खाली बसायचे आहे? तिचे उत्तर सर्जनला सांगा. एक्स-रेमध्ये ते दिसत नाही.