ट्रॅक्टरची चावी कुणाकडे?

तंजावरात उभा राहून मी आज धुळ्याच्या पांझरा नदीबद्दलही बोलणार आहे. कारण प्रश्न दोन्हीकडे एकच आहे : दोन-तीन एकरवाले शेतकरी एकत्र येतात, पण एकत्र टिकतात कशामुळे?

इथे कावेरीच्या पट्ट्यात मेट्टूर धरणाचं पाणी 12 जूनला सोडायचा रिवाज आहे. 2017-18 पासून तमिळनाडू सरकारनं सामुदायिक शेतीची योजना आणली. 100 अल्पभूधारकांचा एक गट, आणि त्याला यंत्रांसाठी 5 लाख रुपये. ट्रॅक्टर येतो. पण कुरुवईची लावणी सगळ्यांची एकदमच येते. मग पहिल्या दिवशी तो कुणाच्या शेतात? गट फुटला तर इथेच फुटतो.

पांझरेवरच्या फड पद्धतीनं हा पेच शेकडो वर्षांपूर्वी सोडवला. एका फडात अनेकांची शेतं, पीक मात्र एकच. पाटावर पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. शेताला पाणी द्यायचा तो बारेकरी, मालक नव्हे! या सगळ्यांचा मोबदला शेतकरीच देत.

माझं आयुष्य फौजेत गेलं. शिस्त भाषणानं येत नाही, ठरलेल्या कामातून येते. म्हणून पाळी लावणीआधी लिहून काढा. चावी अशाकडे द्या, ज्याचं त्या शिवारात शेत नाही. त्याचा पगार सगळ्यांनी मिळून भरा. एवढा एक हक्क सोडलात, तर व्यापाऱ्यासमोर 100 जण मिळून एक भाव सांगू शकाल.