वीरपत्नीचं दुसरं लग्न

नवरा सीमेवर मारला गेला तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. त्याला मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. गावानं मला झेंडावंदनाला पहिल्या रांगेत बसवलं. हळदीकुंकवाला मात्र कुणी बोलावलं नाही.

पुढे शाळेतले एक सहकारी मला आवडू लागले. नवऱ्याबद्दल ते न बिचकता विचारायचे, मीही हसून सांगायचे. सासरे म्हणाले, "लग्नच करायचं तर धाकट्याशी कर, घरातलं घरात राहील."

सरकारही तेच म्हणत होतं! विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पण पदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर बंद व्हायचा. दिराशी लग्न केलं तरच चालू राहायचा. संरक्षण मंत्रालयानं ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. आम्ही त्याआधीच लग्न केलं, भत्ता सोडून.

पहिल्या नवऱ्याचा फोटो आजही आमच्या घरात आहे. त्याच्यावरची माया आटलेली नाही. बाईच्या मनात दोघांना जागा असू शकते.

तुमच्या गटात अशी कुणी आली, तर पेन्शनचे नियम तिच्यासोबत बसून वाचा. आणि तिला कोण आवडतं, तेही तिला मोकळेपणी बोलू द्या.